लोणारपेक्षा जवळची अमेरिका

मलकापूरच्या एसटी स्टँडवर मी कापडाचे गठ्ठे टपावर चढवून घेत होतो. मोताळ्याहून नुकत्याच आलेल्या गाडीचा कंडक्टर उतरता उतरता मला म्हणाला, "भाऊ, तुमच्या वयनी गेल्या. सकाळीच. लवकर या, असा घरून निरोप हाय." एवढं सांगून तो कंट्रोलरच्या खिडकीकडे निघूनही गेला. आमच्या भागात जन्म, मरण, सोयरीक आणि इंजिनाचा पट्टा, सगळं एसटीनेच येतं, त्यामुळे त्यालाही त्यात विशेष काही वाटलं नसावं. मी हमालाला म्हटलं, "चढव बाबा पटपट," आणि खिडकीपाशी जागा धरली. रडू वगैरे काही आलं नाही. डोक्यात एकच होतं... वसंता कधी पोचेल?

घरी येऊन पाहतो तर अंगणात जमलेली अख्खी आळी हाच हिशेब करत बसलेली. वैशाखाचं ऊन चढत होतं. कौसावहिनींना ओसरीवर निजवलं होतं, बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि पुरुषमंडळी निंबाच्या सावलीत विमानावर बोलत होती.

"तार केली न?"

"केली. पोस्ट उघडल्याबरोबर."

"आता नवी विमानं निंगाली म्हंते, मोठाली. एका दिवसात आनून टाकते मानसाले."

"मंग उद्या सांजपर्यंत येते तो. मलकापूरहून बर्फाच्या लाद्या आना. ठेवू."

हे शेवटचं म्हणणारे किसनबुवा. आळीतले वडीलधारे, विमान त्यांनी आयुष्यात पाहिलं ते खालूनच. मी चपला काढायच्या आधीच बोललो. म्हटलं, बुवा, विमान विमानतळापासून विमानतळापर्यंत जातं. माणसाला घरापासून घरापर्यंत यायचं असतं. आधी तार त्याच्या हाती पडली पाहिजे, मग रजा, मग तिकीट, मग त्याच्या गावाहून न्यूयॉर्क, मग एक दिवस आणि एक रात्र हवेत, मग सांताक्रूझ, मग मेल, मग मलकापूर, मग ही आपली गाडी. ऊन पाहता ना तुम्ही? बुवांनी ओसरीकडे पाहिलं. "एकुलता एक पोट्टा हाय भाऊ. त्यानं पानी नको द्याले?" "द्याले पाहिजे," मी म्हटलं. "मंग?" ऊन कलल्यावर आम्ही वहिनींना उचललं आणि अग्नी मी दिला, चुलत दिरानं.

कौसावहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची, तुळशीरामदादाची बायको. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांचं माहेर लोणारचं, तळ्याकाठचं. लग्न होऊन आल्या तेव्हा आमच्या 'मले-तुले'त त्यांचं 'मला-तुला' उठून दिसायचं आणि आम्ही पोरंसोरं त्यांना चिडवायचो, की ह्या खाऱ्या पाण्याच्या. त्या तेव्हाही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "खारं हाय म्हनून तं टिकते आमचं मानूस. लोनच्यासारखं," असं म्हणायच्या. पुढे त्यांच्याही तोंडी 'मले' बसलं, पण ताठा लोणारचाच राहिला. दादाचा गावाबाहेर मळा होता. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा माल निघायचा, आणि बाजाराच्या दिवशी वहिनी स्वतः पाटीपाशी बसायच्या. त्यांच्याकडून वांगं उचलून दाबून पाहायची कोणाची टाप नव्हती.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे झाडू. घर दिवसातून चार-पाचदा झाडलं जायचं, आणि सकाळी अंगणावर खराटा फिरला की मातीत अशा सरळ रेघा उठायच्या की पहिलं पाऊल टाकताना माणसाला अपराध्यासारखं वाटावं. मी मात्र मुद्दाम मधूनच जायचो. "भाऊजी, पायाले वखर लावला काय तुमच्या?" असं आतून यायचं. कोंबडी गेली तरी तिला शिवी बसायची. दादा गंमतीनं म्हणायचा, की आमच्या घरात धूळ यायची तर परवानगी काढून येते. त्यांना दम्याचा थोडा त्रास होता, धूळ उडाली की खोकल्याची ढास लागायची, हे त्या वेडाचं एक कारण असेल. पण खरं सांगायचं तर त्या बाईला कचरा दिसला की चैन पडत नसे, एवढंच.

आणि अशा बाईच्या गळ्यात आमच्याकडची ती रीत पडलेली. घरातलं माणूस परगावी निघालं, की ते मुक्कामी पोचेपर्यंत मागे घर झाडायचं नाही. प्रेत बाहेर काढलं की मागे लगेच घर झाडतात. जित्या माणसाच्या पाठीवर झाडू फिरवला तर तेही परत यायचं नाही, अशी भीती. बाकीच्या घरांत ही रीत नावापुरती पाळायचे. माणूस कोपऱ्यावर वळलं की झाडू हातात. वहिनींकडे मात्र चालढकल नव्हती. त्यांच्या डोक्यात सगळ्या गावांचं वेळापत्रक होतं. दादा माल घेऊन मलकापूरला गेला, की गाडी तिकडे लागण्याची वेळ होईस्तोवर घर तसंच. बुलढाण्याला कोणी गेलं तर "राजूरचा घाट चढून गाडी वर लागली असन आता" म्हणत उठायच्या. आणि लोणारला कोणी निघालं, की बुलढाणा, चिखली, मेहकर असं गाड्या बदलत जाण्यात दिवस बुडायचा, तेव्हा तो दिवस त्या घराकडे पाठ करून अंगणात बसून काढायच्या. "पाहावत नाई मले," म्हणायच्या. मी दुकानात जाताना विचारायचो, "वयनी, निंगालो. झाडान ना मांगं?" त्या म्हणायच्या, "तुमच्या मांगं दोनदा झाडन."

वसंता त्यांचा एकुलता एक मुलगा. हुशार, शांत, आईसारखाच नीटनेटका. नागपूरला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा रात्रीच्या गाडीचा हिशेब धरून दुसऱ्या दिवशी उशिरा घर झाडलं जायचं. शिकून आला आणि धरणाच्या कामावर लागला, तेव्हा वहिनींना वाटलं, आता सुटलो. जवळच्या जवळ नोकरी, रोज सायकलवर जाणं-येणं. पण त्याला अमेरिकेची स्कॉलरशिप मिळाली. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हा. आमच्या गावातून परदेशी जाणारा तो पहिलाच, म्हणून तो निघायच्या आधीचे दिवस घरात नुसती जत्रा होती. येणाऱ्याला चहा, शेंगा, केळी. सगळीकडे फोलपटं आणि बिड्यांची थोटकं. वहिनी झाडत होत्या नि लोक सांडत होते.

निघायच्या संध्याकाळी दशम्या बांधता बांधता वहिनींनी विचारलं, "किती टाइम लागते रे तुह्या विमानाले?" वसंतानं खिशातून तिकीट काढलं. "सांताक्रूझहून सकाळी सहाले निंगते माय. दुपारी चारले न्यूयॉर्क."

"उद्याच्या?"

"त्याच दिवशी."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "अन् मले लोनारले जायाले दिवस पुरत नाई. लोनारपेक्षा जवळ हाय की तुही अमेरिका!" सगळी खोली हसली. किसनबुवांनी अंतर विचारलं, वसंता म्हणाला, आठ हजार मैलांच्या आसपास. बुवांनी तिथल्या तिथे भागाकार केला, "म्हंजे तासाले आठशे मैल, बापा!" राजूरच्या घाटात बैलगाडीलाही वाट देणारी एसटी आम्हाला ठाऊक. विमान आहे, जात असेल आठशेनं! शंका आली नाही ती कोणालाच. तिकिटावर सकाळचे सहा आमच्या घड्याळाचे आणि दुपारचे चार त्यांच्या घड्याळाचे छापलेले असतात, हे त्या खोलीत एकट्या वसंताला ठाऊक होतं, आणि इतरांना ते ठाऊक नसेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. तो तिकीट वाचून दाखवत होता, त्यानं ते बरोबरच वाचलं.

मी आणि दादा त्याला पोचवायला मुंबईला गेलो. सांताक्रूझच्या गच्चीवरून ते विमान उडताना पाहिलं. दादा धोतराचा सोगा हातात धरून आभाळाकडे बघत राहिला, विमान दिसेनासं झालं तरी. मग म्हणाला, "चाल. तो चारले पोचून जाईन, आपन तवा अजून इगतपुरीच्या अलीकडंच असू." पोराच्या आधी आपण घरी पोचत नाही याचा त्याला केवढा अभिमान वाटला होता! व्ही.टी.ला येईपर्यंत त्यानं हे दोन अनोळखी माणसांना सांगितलं.

इकडे त्या दिवशी काय झालं ते मला माझ्या बायकोनं सांगितलं. आदल्या गर्दीचा सगळा केर घरभर तसाच पडलेला. वहिनी दिवसभर अंगणात. आमच्या घड्याळात चार वाजल्यावर बायको म्हणाली, "वयनी, झाले चार." तरी त्या उठल्या नाहीत. "गाडी लेट होते, विमान नाई होनार काय? थांबू थोडं." पण फार थांबताही येईना, कारण दिवेलागणीनंतर झाडायचं नसतं आणि तो केर रात्रभर घरात ठेवणं त्यांच्यानं होणार नव्हतं. तेव्हा दिवा लावायच्या जरा आधी त्या उठल्या, आतल्या खोलीपासून ओसरीपर्यंत सगळं लख्ख झाडलं, पाट्या भरभरून केर उकिरड्यावर टाकला आणि मग दिवा लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा अंगणात रेघा होत्या. "पोचला तो," वहिनी आम्हाला म्हणाल्या, जशा काही स्वतःच सोडून आल्या होत्या. तार नंतर आली. सुखरूप पोचलो, एवढीच. पेढे वाटले.

दोन वर्षांनी ऐन थंडीत दादा विहिरीवरच्या इंजिनापाशी कोसळला तो उठलाच नाही. तार केली. थंडीचे दिवस, म्हणून सगळ्यांचं म्हणणं पडलं की थांबू. दहा तासांचा तर रस्ता. आज निघाला तरी उद्या दुपारी अंगणात उभा राहील. दादाला अंगणात ठेवून आम्ही दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ केली. वहिनी दारात बसून होत्या, रस्त्याकडे तोंड करून. दुपारी लोणारहून त्यांचा भाऊ आला. गाड्या बदलत, धुळीनं माखून, पण आला. त्याला पाहून वहिनी जे ओरडल्या ते मी विसरणार नाही. "तू आला रे... तू आला, अन् तो नाई आला!" वसंताची तार नंतर आली. येणं शक्य नाही, परीक्षा, पैसे, बरंच काही होतं त्या दोन ओळींत. अग्नी एका चुलत पुतण्यानं दिला.

त्यानंतर वर्षभर वहिनींनी त्याचं नाव काढलं नाही. पत्र आलं की माझ्याकडून वाचून घेत, पण 'बरं' याच्यापुढे बोलत नसत. लोणारपेक्षा जवळच्या ठिकाणाहून पोरगा बापाच्या मातीला आला नाही, हे त्यांना गिळवत नव्हतं.

मग तो आला. महिनाभर राहायला. पहिल्या दिवशी वहिनींनी त्याला पान वाढलं आणि आत निघून गेल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. वांग्याचं भरीत होतं, वहिनी भाकरी थापत होत्या, आणि वसंता जरा मोकळा होऊन प्रवासाच्या गमती सांगत होता. विमान सूर्याच्या मागे मागे जातं, दिवस मावळतच नाही, मनगटावरचं घड्याळ सारखं मागे करावं लागतं. "आपलं घड्याळ अन् त्याईचं घड्याळ एक नाई काका. तठी दुपारचे चार, तवा अठी रात्रीचा एक वाजून गेला असते." मी सहज म्हटलं, "मंग तिकिटावरचे ते दहा तास?" तो हसला. "दहा कुठले काका. वीस धरा. मधात उतरते बी ना ते दोन-चार ठिकानी."

वहिनींचा हात परातीत थांबला. "म्हंजे तू गेला त्या दिवशी आपल्या घड्याळात चार वाजले, तवा तू कुठी होता?"

"अठले चार? रोमच्या इकडंतिकडं असन."

"अन् दिवे लावाच्या टायमाले?"

"युरोपातच असन. समुद्र पुढंच होता अजून. काऊन माय?"

"काई नाई. भाकर घे."

दुसऱ्या दिवशी मी मळ्यात गेलो तर वहिनी वांग्यांच्या ओळीत नुसत्या बसलेल्या. पाटी रिकामी. मला पाहून म्हणाल्या, "म्या झाडलं तवा तो हवेतच होता, भाऊजी." मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी चिडलोच. म्हटलं, पोचला ना तो सुखरूप? तार आली ना? आता तुमच्यासमोर बसून भरीत खाऊन राह्यला ना? "हा भेटाले आला," त्या म्हणाल्या. "येनं अन् भेटाले येनं एक असते काय?" रात्री त्यानं त्यांना सांगितलं होतं की तिकडेच नोकरी धरली आहे. "मी वरीसभर त्याच्यावर रागावली. दहा तासाचा रस्ता अन् बापाले पाहाले येत नाई, असं म्हनू म्हनू रडली. तो कुठून येनार होता? समुद्राच्या अलीकडं होता तवाच म्या त्याले घरातून झाडून काढलं." मी म्हटलं, वयनी, आळीतली किती पोरं नागपूर-मुंबईला गेली, ज्यांच्या मागे वेळेवर झाडू फिरला त्यांतलं तरी कोणतं परत आलं? "त्याईचं मले माहीत नाई," त्या म्हणाल्या. "माह्या हाताचं मले माहीत हाय." ज्या माहितीनं पोरगा त्यांच्या रागातून सुटला, त्याच माहितीनं त्या स्वतः अडकल्या. माझ्या कापडाच्या दुकानात मी गिऱ्हाइकाला काहीही पटवू शकतो. त्यांना हे एवढं पटवणं मला उभ्या जन्मात जमलं नाही.

वसंता परत निघाला तेव्हा पावसाळा लागला होता. ह्या वेळी वहिनींनी तास मोजायचे नाहीत असं ठरवलं. घड्याळावर त्यांचा विश्वास उडाला होता. तार येईल तेव्हा झाडू. पावसानं तारा पडल्या होत्या की आणखी कुठे घोळ झाला कोण जाणे, ती तार काही येईना. दिवसांवर दिवस गेले. ओल्या चिखलाच्या पावलांनी घर भरलं, कोपऱ्यात मुंग्यांनी वारुळाची तयारी केली. किसनबुवा दारात येऊन ओरडून गेले, की अशा घरात लक्ष्मी येत नाही. माझी बायको म्हणाली, "नुसती चूल तरी झाडू द्या मले." नाही म्हणजे नाही. त्या घाणीत ती झाडूवेडी बाई बसून होती, आणि तिची ढास आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू यायची. शेवटी वहिनींच्या नावानं तार आली. वहिनींनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "पोचलो म्हंते ना? पोचतो नाई?" मग नाकाला पदर बांधून भर दुपारी घर झाडायला घेतलं. झाडून झाल्यावर ओसरीवर येऊन बसल्या, खोकत खोकत म्हणाल्या, "आता येईन तो."

तो पुढच्या इतक्या वर्षांत दोनदा आला. एकदा पंधरा दिवस, एकदा आठ. प्रत्येक वेळी मागे तसंच, तार येईस्तोवर. प्रत्येक वेळी दमा थोडा वाढून बसला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाई, धुळीपासून लांब राहा. वहिनी त्यांना म्हणाल्या, "मी तं लांबच राहत होती डॉक्टर." त्यांना काय कळणार? एरवीच्या दिवसांत घर आरशासारखं. फक्त कधी दिवसाउजेडी मुंबई-नागपूरकडचं विमान उंचावरून जाताना आवाज आला, की त्या झाडू हातात तसाच धरून थांबायच्या. आवाज पार विरून गेला की मग पुढे. मी एकदा विचारलं, की ते नागपूरचं विमान, त्यात वसंता कुठला? "कोनाचं तरी असन ना त्यात," त्या म्हणाल्या.

वारल्या त्याच्या आठवडाभर आधी त्यांनी भिंतीवरून मला सांबाराची जुडी दिली. चेहरा फार ओढलेला होता. "भाऊजी, आता विमानाले किती टाइम लागते हो?" मी म्हटलं, कमी झाला असेल पहिल्यापेक्षा. "अन् यायाले?" "जायाले लागते तेवढाच की." त्यांनी भिंतीला हात टेकला. "मंग..." म्हणाल्या, आणि खोकला आला म्हणून आत गेल्या. पुढचं मी काही ऐकलं नाही.

वसंता दहाव्याच्या आधी पोचला. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. ओसरीवर बसून तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, तार कधी मिळाली, रजा कशी मिळाली, न्यूयॉर्कला किती थांबावं लागलं, हवेत किती तास, सांताक्रूझहून गाडी कोणती. कोणी विचारत नव्हतं तरी सांगत होता. सगळं खरं होतं. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मला त्याचा संतापही येत होता आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटत होतं. दोन्हीपैकी काहीच मी केलं नाही. दहावा झाला, तेरवी झाली. मळा आमच्याकडे बटईनं, म्हणजे वाट्यानं, द्यायचा आणि घराला कुलूप लावायचं, असं त्यानं ठरवलं. पुन्हा येईन असं तो म्हणाला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

निघताना जीप दारात उभी होती. आत तेरवीच्या पानांच्या काड्या, फुलं, सामान बांधल्याचे कागद, सुतळीचे तुकडे पडलेले. त्यानं एकदा सगळीकडे नजर टाकली, आणि माझ्या बायकोला म्हणाला, "काकू, मी गेल्यावर एक हात झाडून घ्या अन् मंग कुलूप लावा. मायले कचरा चालत नव्हता."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वसंता, तू गेल्यावर तुही माय तार येईस्तोवर घर झाडत नव्हती, तुले ठाऊक हाय काय?"

"कायले?" तो म्हणाला. अगदी खरंखुरं आश्चर्य होतं त्याच्या चेहऱ्यावर. तो ह्याच घरात वाढला होता. पण इथून जाताना मागे वळून त्यानं पाहिलं असेल ते अंगणापर्यंत, आणि परत आला तेव्हा प्रत्येक वेळी त्याला त्या सरळ रेघाच दिसल्या असतील. मधलं घर त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. जाणारा कसा पाहील? मी सांगायला सुरुवात केली, तोवर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मेल चुकली असती तर विमान चुकलं असतं. तो वाकून आम्हा दोघांच्या पाया पडला आणि गेला.

ह्याला आता महिना होऊन गेला. त्याची तार आलेली नाही, पत्रही नाही. तो सुखरूप पोचला असणार, कामावरही लागला असेल, त्यात काळजीसारखं काही नाही. मी रीतीभातींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण घर त्यानं सोडलं तसंच पडलं आहे. फुलं वाळून काळी पडली, कागद वाऱ्यानं ह्या खोलीतून त्या खोलीत जातात, आणि वहिनींच्या घरात चालताना पायाखाली माती करकरते. बायको रोज सकाळी किल्ली घेऊन जाते, दार उघडून उभी राहते. काल तिला राहवलं नाही. झाडू घेऊन आली नि म्हणाली, "महिना झाला. अमेरिका काय अन् लोनार काय, आता तरी पोचला असन ना तो? झाडू काय?"

मी म्हटलं, "तार येऊ दे."

तिनं झाडू भिंतीला टेकवला. "येईन," म्हणाली, "पन कोनाच्या नावानं?"